प्राथमिक वर्गातील बेशिस्त वर्तन : कारणे, प्रतिबंध आणि अध्यापकाची भूमिका

सराव पाठासाठी पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्या छात्राध्यापकाच्या मनात विषयाची भीती कमी आणि मुलांच्या गोंगाटाची भीती अधिक असते. पाठटाचण तयार असते, तक्ते रंगवलेले असतात, खडू हातात असतो. परंतु पाचव्या मिनिटाला मागच्या ओळीतील दोन मुले एकमेकांना ढकलू लागतात, तिसरा पेन्सिल हरवल्याची तक्रार घेऊन उठतो आणि बघता बघता वर्ग हातचा जातो. मग 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा आदेश सुटतो. वर्ग दोन मिनिटे शांत राहतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. पाठानंतर निरीक्षक 'वर्गनियंत्रण कमी' असा शेरा लिहितात. ते वाढवायचे कसे, हे मात्र बहुधा लिहिले जात नाही.

आपल्या संस्थांच्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, पुढे बालवाडीत, उर्दू किंवा मराठी प्राथमिक शाळेत, नाहीतर घरगुती शिकवणीत लहान मुलांसमोर उभे राहतात. त्यांना हा प्रश्न पहिल्या दिवसापासून भेडसावतो आणि उत्तर सापडले नाही, तर ते स्वतःच्या बालपणी पाहिलेल्या उपायांकडे, म्हणजे पट्टी, उठाबशा आणि अपमान यांकडे वळतात. म्हणून या प्रश्नाचा विचार महाविद्यालयातील अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे. इयत्ता पहिली ते चौथीच्या वर्गातील बेशिस्त वर्तनाची कारणे, त्यासंबंधी झालेले संशोधन आणि प्रत्यक्ष वर्गात वापरता येतील असे उपाय यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

'शिस्त' आणि 'शिक्षा'

मराठीत रुळलेला 'शिस्त' हा शब्द फारसीतून आला आहे. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणे. नेम धरणाऱ्याला लक्ष्य ठाऊक असावे लागते. वर्गशिस्तीच्या बाबतीत हे लक्ष्यच अनेकदा चुकते. शांतता हे साधन आहे. मुलांनी शिकणे हे लक्ष्य आहे. तोंडावर बोट ठेवून बसलेला वर्ग शांत असतो, पण त्या वेळी तो काही शिकत असतोच असे नाही. उलट गटात बसून चित्रांना नावे देणारी मुले थोडा गलबला करतात, तरी ती कामात असतात.

'शिक्षा' या शब्दाची गंमतही लक्षात घेण्यासारखी आहे. हिंदीत या शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीत तोच शब्द दंड या अर्थी रूढ झाला. शिकवणे आणि दंड करणे या दोन गोष्टी आपल्या व्यवहारात किती जवळ येऊन बसल्या आहेत, याची ती एक खूण मानावी लागेल.

बेशिस्त कशाला म्हणावे?

उपाय ठरवण्यापूर्वी वर्तनाचे वर्गीकरण करणे आवश्यक आहे. लहान मुलांच्या वर्गात अध्यापकाला त्रासदायक वाटणारे वर्तन साधारणपणे तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार वयानुरूप चुळबुळीचा. सहा-सात वर्षांचे मूल अर्धा तास एका जागी स्थिर बसू शकत नाही. पाय हलवणे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, उत्तर येताच 'आपा, मी सांगतो' किंवा 'बाई, बाई' असे ओरडणे ही बेशिस्त नव्हे. येथे मुलाला बदलण्यापेक्षा पाठाची रचना बदलणे हाच उपाय.

दुसरा प्रकार पाठात व्यत्यय आणणाऱ्या वर्तनाचा. मध्येच जागेवरून उठणे, इतरांच्या वस्तू ओढणे, विनाकारण आवाज काढणे, सांगितलेले काम टाळणे. वर्गव्यवस्थापनाचा खरा विषय हा आहे.

तिसरा प्रकार इजा पोहोचवणाऱ्या वर्तनाचा. मारणे, चावणे, वस्तू फेकणे, एखाद्या मुलाला सतत चिडवणे. येथे दुर्लक्ष चालत नाही. अध्यापकाने ताबडतोब मध्ये पडून दोघांना वेगळे करावे, ज्याला लागले त्याची आधी विचारपूस करावी आणि कारणांची चौकशी दोघेही शांत झाल्यावर करावी.

पहिल्या प्रकाराला तिसऱ्यासारखी वागणूक देणे ही नवख्या अध्यापकाची नेहमीची चूक होय. प्रत्येक हालचालीवर ओरडणाऱ्या अध्यापकाचा आवाज खरोखर गरज पडते तेव्हा कामी येत नाही.

न समजलेली भाषा आणि न ऐकलेले मूल

सीमाभागात, हैदराबादेत किंवा गोव्यात अनेक मुस्लिम मुलांच्या घरी दखनी उर्दू बोलली जाते आणि शाळेचे माध्यम वेगळे असते. अशा मुलाच्या बेशिस्तीमागे पुष्कळदा न समजलेली सूचना असते.

समजा, मराठी माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात बाई म्हणाल्या, 'वही खाली ठेवा.' घरी मराठी न ऐकलेल्या मुलाच्या लेखी 'खाली' म्हणजे रिकामी. ते वही उघडी ठेवून काही न लिहिता बसून राहते. बाईंना वाटते, मूल हट्टी आहे. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलाला 'बस' म्हटले तर त्याच्या घरच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुरे' असा होतो. ते लिहायचे थांबते, पण जागेवर जात नाही. दोनदा-तीनदा असे घडले, रागावून घेतले आणि वर्ग हसला, की ते मूल सूचना ऐकण्याचेच सोडून देते. पुढे वेळ घालवण्यासाठी शेजाऱ्याची खोडी काढणे एवढेच त्याच्या हाती उरते. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या अध्यापकालाही हाच अनुभव उलट बाजूने येतो. इतर तासांना निमूट बसणारा वर्ग मराठीच्या तासाला गोंधळ करतो, तेव्हा दोष मुलांचा आहे की तासाच्या भाषेचा, हे आधी तपासले पाहिजे.

यावर उपाय साधा आहे. सूचना लहान असावी, एका वेळी एकच असावी आणि शब्दासोबत कृती करून दाखवावी. 'उभे राहा', 'वही काढा', 'दाराला हात लावा' अशा सूचना अध्यापकाने स्वतः करून दाखवीत दिल्या की भाषा आणि हालचाल दोन्ही साधतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात दुसरी भाषा शिकवण्याची जी कृतिप्रधान पद्धत मांडली, तिचे सूत्र हेच आहे : आधी ऐकून कृती, बोलणे नंतर. चुळबुळ्या वयाच्या मुलांना या पद्धतीत हालचालीची मुभा मिळते आणि ती हालचाल पाठाचा भाग बनते.

भाषेखेरीज शारीरिक कारणेही पाहावी लागतात. हाक मारली तरी वळून न पाहणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असेल. फळ्यावरचे न लिहिणाऱ्याला दिसत नसेल. सकाळी काही न खाता आलेले मूल दुसऱ्या-तिसऱ्या तासाला चिडचिडे होते. कानाची किंवा डोळ्यांची तपासणी सुचवायला अध्यापकाला एक चिठ्ठी पुरते. तीच गोष्ट वर्षभर रागावून साधत नाही.

वर्तनाची नोंद

एखाद्या मुलाचे वर्तन वारंवार त्रासदायक ठरत असेल, तर आठवडाभर तीन स्तंभांची नोंद ठेवावी : आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. चार-पाच नोंदी झाल्या की बहुधा आकृतिबंध दिसू लागतो. उदाहरणार्थ, एखादा मुलगा वाचनाच्या तासालाच दंगा करतो आणि दर वेळी त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते. अध्यापकाच्या दृष्टीने ही शिक्षा; मुलाच्या दृष्टीने न येणाऱ्या वाचनातून सुटका. शिक्षा जितकी नियमित, तितका दंगा नियमित. येथे बाहेर काढणे बंद करून त्याला वाचता येईल असा सोपा मजकूर देणे हा उपाय ठरतो. दुसरी एखादी मुलगी खोडी काढते तेव्हाच अध्यापक तिचे नाव घेतात, एरवी नाही. तिला हवे असते ते लक्ष. तिने काम सुरू केल्याबरोबर नाव घेतले गेले, तर खोडीची गरज उरत नाही.

कूनिन यांचे संशोधन

वर्गव्यवस्थापनाच्या अभ्यासात जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे नाव महत्त्वाचे मानले जाते. त्यांच्या संशोधनाचा आरंभ एका साध्या प्रसंगातून झाला. महाविद्यालयाच्या वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचताना दिसला म्हणून कूनिन यांनी त्याला सुनावले. परिणाम त्या विद्यार्थ्यावर झालाच. पण ज्यांचा काही संबंध नव्हता तेही सावरून बसले. एकाला बोलले असता इतरांवर होणाऱ्या या परिणामाला त्यांनी पाण्यावरील तरंगांची उपमा दिली.

त्यानंतर त्यांनी प्राथमिक वर्गांची व्हिडिओ-चित्रणे करून अध्यापक बेशिस्त कशी थांबवतात याचा अभ्यास केला. अपेक्षा अशी होती की, यशस्वी अध्यापकांची रागावण्याची पद्धत काही वेगळी असेल. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात मांडलेला निष्कर्ष निराळाच निघाला. बेशिस्त घडल्यानंतर ती थांबवण्याच्या पद्धतीवरून चांगला वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांत फरक करता येत नव्हता. फरक होता तो बेशिस्त घडण्यापूर्वी अध्यापक काय करतात यात. त्यातील मुख्य बाबी अशा :

पहिली, चौफेर भान. आपल्याला सर्व वर्ग दिसतो आहे, हे अध्यापक वागण्यातून मुलांना जाणवू देतात. वर्गाकडे पूर्ण पाठ करून पाच मिनिटे फळ्यावर लिहिणारा अध्यापक हे भान गमावतो. योग्य मुलाला आणि योग्य वेळी टोकणे हाही याचाच भाग. खोडी एकाने काढावी आणि बोलणी दुसऱ्याने खावीत असे झाले, की वर्ग ओळखतो की अध्यापकाला काही दिसत नाही.

दुसरी, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणे. एका मुलाचे वाचन ऐकत असताना दारात आलेल्या मुलाला हाताने थांबायला सांगणे आणि वाचन तुटू न देणे.

तिसरी, पाठाची सलगता आणि वेग. गणित सुरू करून मध्येच 'काल वह्या कोणी आणल्या नव्हत्या?' असे विचारणे किंवा एका मुलाच्या तुटलेल्या पेन्सिलीवर चार मिनिटे व्याख्यान देणे, यामुळे उरलेला वर्ग रिकामा होतो. रिकामा झालेला वर्ग स्वतःचे काम स्वतः शोधतो.

चौथी, सर्वांना जागते ठेवणे. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला तर बाकीची मुले निवांत होतात. आधी प्रश्न, थोडे थांबणे आणि मग नाव, असा क्रम ठेवला तर प्रत्येक मूल विचार करते.

पाचवी, बैठ्या कामातील विविधता. एकाच प्रकारचे लेखन लांबत गेले की काम आणि लक्ष दोन्ही सुटतात.

थोडक्यात, वर्गनियंत्रण हा पाठापासून वेगळा विषय नाही. तो पाठाच्या आखणीतच असतो.

रिकाम्या वेळेचे नियोजन

प्राथमिक वर्गातील गोंधळ तास बदलताना, वह्या वाटताना, हजेरी घेताना आणि मधल्या सुट्टीनंतर अधिक होतो. म्हणून पाठटाचणात उद्दिष्टे आणि प्रश्न यांसोबत या संक्रमणकाळाचीही नोंद हवी. पुस्तके कोण वाटणार, वह्या कोणत्या बाजूने गोळा होणार, काम लवकर संपवणाऱ्याने काय करायचे, पाणी प्यायला जायचे असेल तर कोणती खूण करायची, हे पहिल्या दोन आठवड्यांत मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. नियम चार-पाचच असावेत आणि ते 'करू नका' ऐवजी 'करा' या स्वरूपात असावेत. 'ओरडू नका' यापेक्षा 'हात वर करून बोला' हे मुलाला अधिक कळते, कारण त्यात काय करायचे ते सांगितलेले असते.

लक्ष वेधण्यासाठी ओरडण्याऐवजी ठरलेली खूण वापरावी : टाळ्यांची एक लय, जिला मुले तशाच टाळ्यांनी उत्तर देतात, किंवा वर केलेला हात. एकदा खूण केली की वर्ग पूर्ण शांत होईपर्यंत पुढचे वाक्य बोलू नये. गोंगाटावर आवाज चढवून बोलणारा अध्यापक गोंगाटात बोलणे चालते, असेच नकळत शिकवत असतो.

तासाची विभागणीही महत्त्वाची. अर्ध्या तासात ऐकणे, करणे आणि लिहिणे असे तीन टप्पे असावेत व त्यांतील एका टप्प्यात मुलांना जागेवरून उठण्याची संधी असावी.

दखल कशाची घ्यावी?

१९६८ साली मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांनी प्राथमिक वर्गांत नियम, दुर्लक्ष आणि प्रशंसा यांचा परिणाम तपासला. केवळ नियम सांगून वर्तनात फारसा फरक पडला नाही. किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करणेही एकट्याने पुरेसे ठरले नाही. चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल घेण्याची जोड दिल्यावर मात्र वर्तन लक्षणीय सुधारले. अध्यापकांच्या सवयीच्या हे नेमके उलट आहे. मूल काम करीत असते तेव्हा अध्यापक निश्चिंत असतात आणि ते काम सोडते तेव्हाच त्याचे नाव उच्चारले जाते.

प्रशंसा नेमकी असावी. 'शाबास, हुशार आहेस' यापेक्षा 'तू आज पुस्तक उघडून वाट पाहत होतीस, त्यामुळे आपल्याला लगेच सुरुवात करता आली' हे वाक्य मुलीला काय जमले ते सांगते. प्रशंसा करताना दुसऱ्या मुलाला खाली दाखवू नये.

रागवावे लागले तर कसे? १९७० साली ओ'लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग येथे उपयुक्त आहे. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात रागावणे आणि फक्त त्या मुलालाच ऐकू जाईल अशा हळू आवाजात समज देणे, यांची तुलना त्यांनी केली. हळू आवाजात समज दिल्यावर बहुतेक मुलांचे व्यत्यय आणणारे वर्तन कमी झाले. पुन्हा मोठ्याने रागावणे सुरू करताच ते वाढले.

हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. इमाम गझाली (निधन ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना म्हटले आहे की, मुलाकडून चूक प्रथमच घडली तर ती पाहून न पाहिल्यासारखी करावी, चारचौघांत उघड करू नये. पुन्हा घडल्यास एकांतात समज द्यावी. आणि सतत बोलू नये, कारण बोलणी खाण्याची सवय झाली की शब्दांचा परिणाम उरत नाही. मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे, सततच्या अभ्यासाने त्याचे मन मरते, असेही ते सांगतात. वर्गातील प्रयोग आणि नऊ शतकांपूर्वीचे निरीक्षण एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

या दृष्टीने मॉनिटरने फळ्यावर 'दंगेखोर' मुलांची नावे लिहिण्याची जी पद्धत अनेक शाळांत आहे, तिचाही फेरविचार व्हायला हवा. त्यात मुलाची चूक जाहीर होते, ती ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या मुलाच्या हाती जातो आणि मैत्री-भांडणाचे हिशेब फळ्यावर येतात.

खेळातून शिस्त

१९६९ साली बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या २४ मुलांच्या वर्गात एक खेळ योजला. वर्गाचे दोन संघ केले. विनापरवानगी बोलणे किंवा जागा सोडणे घडले की त्या संघाच्या नावे फळ्यावर एक खूण. कमी खुणा असलेला संघ जिंकतो. दोन्ही संघांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोघेही जिंकतात. बक्षीस म्हणजे जेवणाच्या रांगेत पहिला क्रमांक, मोकळा वेळ अशा शाळेतच उपलब्ध असणाऱ्या गोष्टी. व्यत्यय मोठ्या प्रमाणात कमी झाला. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८५-८६ मध्ये पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेतला गेला आणि त्या मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. सुरुवातीला आक्रमक असलेल्या मुलग्यांना त्याचा दूरगामी लाभ झाल्याचे दिसले.

या खेळाची मर्यादाही मूळ प्रयोगातच दिसली होती. दोन मुलांनी खेळायला नकार दिला आणि त्यांच्यामुळे संघाला खुणा मिळू लागल्या, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागला. म्हणून आपल्याकडे हा खेळ घेताना नाव न लिहिता फक्त खूण करावी, दोन्ही संघांना जिंकता येईल अशी मर्यादा ठेवावी, संघ वरचेवर बदलावेत आणि दिवसातून दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी. मुलामुलींचे किंवा घरच्या भाषेप्रमाणे संघ कदापि करू नयेत.

गिजुभाईंचा धडा

भारतीय संदर्भात गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांचे स्मरण अपरिहार्य आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील शिक्षक प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायचा असे ठरवून तो जातो आणि साफ फसतो. मुले शांत राहण्याऐवजी अधिकच गोंगाट करतात. तो मुलांना दोष न देता आपली योजना बदलतो आणि गोष्ट सांगायला घेतो. शांततेच्या आदेशाने जे झाले नाही ते गोष्टीने होते.

गिजुभाईंसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली गेली. मूल व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्था तपासावी, हा विचार या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी आहे. मुलांच्या भाषेत गोष्ट सांगता येणे हे प्राथमिक अध्यापकाचे मोठे बळ आहे. त्याचा सराव महाविद्यालयातच व्हायला हवा.

शारीरिक शिक्षा : अनुभव आणि कायदा

इब्न खल्दून (१३३२-१४०६) यांनी 'मुकद्दमा' या ग्रंथात विद्यार्थ्यांशी, विशेषतः लहान मुलांशी, कठोरपणे वागण्याचे दुष्परिणाम सांगितले आहेत. जबरदस्तीत वाढलेल्या मुलाचा उत्साह मावळतो, ते आळशी होते आणि माराच्या भीतीने खोटे बोलायला, मनात एक व बाहेर एक असे वागायला शिकते, असे त्यांचे मत होते. छडीने वर्ग क्षणात शांत होतो आणि म्हणूनच ती सोडवत नाही. पण मूल त्यातून काय करावे हे शिकत नाही, फक्त कोणासमोर करू नये एवढे शिकते.

कायद्याची स्थितीही अध्यापकांना स्पष्टपणे ठाऊक असावी. गोव्यात २००३ च्या बालक कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला; सप्टेंबर २०२५ मध्ये द्विसदस्य खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा अशी भूमिका घेतली. या सवलतीचा अर्थ काही ठिकाणी 'आपल्या शाळेत चालते' असा लावला जातो. तो चुकीचा आहे. मुलाला मारहाण करणाऱ्यावर सामान्य फौजदारी कायद्याखालीही कारवाई होऊ शकते; २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ तर ताब्यातील बालकाशी क्रूरतेने वागणाऱ्या व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांचा दंड, अथवा दोन्ही, सांगते. शिवाय अल्पसंख्याक संस्थांचा अधिकार समाजातील मुलांना शिकते करण्यासाठी आहे. अपमान आणि मार यांमुळे चौथीतच शाळा सोडणारे मूल त्या उद्देशाचाच पराभव करते.

उपायांच्या मर्यादा

वरील उपायांनी सर्व प्रश्न सुटतील असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक अध्यापक असे प्रमाण सांगितले आहे. त्याहून कितीतरी अधिक मुले एका खोलीत बसवली, तर उत्तम अध्यापकाचेही चौफेर भान अपुरे पडते. दोन इयत्ता एकत्र बसवल्या जातात तेथे एका गटाला स्वतः करता येईल असे काम आधीच तयार ठेवावे लागते. ही जबाबदारी व्यवस्थापनाचीही आहे.

काही मुलांच्या वर्तनामागे घरातील ताण, मृत्यू, स्थलांतर किंवा विकासात्मक अडचण असते. अनेक आठवडे प्रयत्न करूनही बदल दिसत नसेल, तर पालकांना बोलवावे. मात्र तक्रार सांगण्यासाठी नव्हे, माहिती घेण्यासाठी. पहिल्या भेटीत मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगावी. शाळेकडून बोलावणे म्हणजे बदनामी असे मानणारे पालक त्यामुळे मोकळे होतात, आणि घरी गेल्यावर मुलाला मार बसण्याची शक्यताही कमी होते. गरज वाटल्यास डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे पाठवावे. रोगाचे नाव अध्यापकाने स्वतः ठरवू नये.

अध्यापक-प्रशिक्षणासाठी काही सूचना

महाविद्यालयांतून पुढील बदल फारसा खर्च न करता करता येतील.

१. सराव पाठाच्या निरीक्षण वहीत 'वर्गनियंत्रण' या एका शब्दाऐवजी स्वतंत्र मुद्दे असावेत : सूचना किती पायऱ्यांची होती, प्रश्न आधी की नाव आधी, संक्रमणात किती वेळ गेला, किती वेळा प्रशंसा झाली आणि किती वेळा रागावले गेले.

२. प्रत्येक छात्राध्यापकाने एका मुलाची आठवडाभर तीन स्तंभी नोंद ठेवून त्यावर चर्चा करावी. मुलाचे नाव नोंदीत नसावे.

३. उर्दू आणि मराठीत वेगवेगळे अर्थ असलेल्या वर्गोपयोगी शब्दांची यादी विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावी. 'खाली' आणि 'बस' ही केवळ सुरुवात आहे.

४. गोष्ट सांगणे आणि ठरलेल्या खुणेने वर्ग शांत करणे यांचा सराव सहाध्यायांसमोर घ्यावा.

५. 'तू रागावला असतास तर काय केले असतेस?' या प्रश्नावर मोकळी चर्चा व्हावी. अध्यापकाला राग येणे स्वाभाविक आहे. रागाच्या भरात हात न उचलता काय करायचे, हे आधी ठरलेले असले तर ते आयत्या वेळी आठवते.

समारोप

लहान मुलांच्या वर्गातील बेशिस्त ही पुष्कळदा पाठातील रिकाम्या जागांची, न समजलेल्या भाषेची आणि न मिळालेल्या दखलेची खूण असते. ती घडल्यावर काय करावे यापेक्षा ती घडू नये म्हणून काय करावे, याकडे संशोधन आणि अनुभव दोन्ही बोट दाखवतात. पूर्वतयारी, स्पष्ट सूचना, चौफेर भान, चांगल्या वर्तनाची दखल आणि एकांतात दिलेली समज, ही साधने कोणत्याही शाळेला परवडण्याजोगी आहेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जशी वागणूक मिळते तशीच ते पुढे मुलांना देतात. तेव्हा उशिरा आलेल्या छात्राध्यापकाला सर्वांसमोर बोलायचे की तासानंतर बाजूला घेऊन विचारायचे, येथपासूनच या विषयाचे अध्यापन सुरू होते.